खाडीकाठचे लुगडे, समुद्रापलीकडचा कांगा

उरण तालुक्यातील न्हावा आणि शेवा या गावांच्या पंचक्रोशीत आगरी आणि कोळी स्त्रियांच्या पारंपरिक पेहरावाचा कणा म्हणजे नऊवारी लुगडे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. ते कमरेला घट्ट आवळून, काष्टा मागे खोचून, गुडघ्याशी थांबेल अशा बेताने नेसले जाते. देशावरची नऊवारी घोट्यापर्यंत उतरते. खाडीकाठची नऊवारी पोटऱ्या मोकळ्या ठेवते. जुन्या कोळी नेसणीत पदर खांद्यावर येत नाही. सगळे कापड कमरेभोवतीच फिरते, अंगात पुढे गाठ मारलेली चोळी असते आणि तिच्यावरून फडकी घेतली जाते. आगरी आणि कोळी नेसणीत गावागणिक बारीक फरक आहेत, पण काष्टा आणि गुडघ्याशी थांबणारी उंची ही दोन्हीकडची खूण आहे.

या उंचीमागचे कारण कामात आहे. ओहोटी लागली की खाडीतला चिखल उघडा पडतो आणि त्यात खुबे, शिवल्या, कालवे, निवट्या मिळतात. हे सगळे वेचायला, उकरायला, कोयत्याने खडकावरून सोडवायला बाईला गुडघाभर गाळात उतरावे लागते. आगरी घरांचे काम भातशेतीचे आणि मिठागराचे. लावणीच्या वेळी पाय चिखलात, आणि मीठ वाहताना डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, पायाखाली निसरडा बांध. लोंबणारा पदर किंवा घोट्यात अडकणारी निरी अशा ठिकाणी बाईला पाडेल. कमरेभोवतीचे कापडाचे थर ओझे उचलताना आधार देतात आणि विक्रीचे पैसे कनवटीला सुरक्षित राहतात. ही दुसरी सोय लहान नाही. मासळी पकडण्याचे काम पुरुषाचे असले, तरी ती विकण्याचे आणि पैसा हाताळण्याचे काम कोळी बाईचे आहे. मोरा किंवा करंजाहून होडीने मुंबई गाठणाऱ्या आणि बाजारात घासाघीस करणाऱ्या बाईचा हा पोशाख आहे. त्यात संकोचाला जागा ठेवलेली नाही आणि ते त्याचे खरे सौंदर्य आहे.

कापडाचा बाज कामाने ठरवला, तर दागिन्यांचा बाज समुद्राने. मुंबईच्या आणि कोकण किनाऱ्याच्या सोनकोळ्यांविषयी इंग्रजी अमदानीतील नोंदींमध्ये एक प्रथा आढळते. लग्नाच्या वेळी वधूच्या उजव्या हातातील काचेच्या बांगड्या उतरवून समुद्राला अर्पण केल्या जात आणि त्या हातात पुढे चांदीच्या बांगड्या राहत. काचेचा चुडा फक्त डाव्या हातात. दर्यात जाणाऱ्या नवऱ्याचे रक्षण समुद्राने करावे म्हणून उजव्या हाताचा चुडा त्याच्याकडे ठेव म्हणून दिलेला. न्हाव्याच्या किनाऱ्यासमोर घारापुरी बेट आहे. तिथल्या सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या लेण्यात अर्धनारीश्वराच्या उजव्या आणि डाव्या अंगाचे अलंकार वेगवेगळे आहेत. शिल्पाचा आणि कोळी प्रथेचा संबंध जोडण्याचे कारण नाही. तरीही शरीराच्या दोन बाजूंनी दोन निरनिराळ्या गोष्टी सांगाव्यात, ही कल्पना या पाण्याला अनोळखी नाही, एवढे मात्र खरे.

बाकीचे दागिने उभ्या महाराष्ट्राच्या ओळखीचे आहेत. गळ्यात ठुशी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, चंद्रहार. हातात पाटल्या आणि तोडे. नाकात नथ किंवा फुली. पायाच्या बोटांत जोडवी आणि मासोळ्या. अंबाड्यावर वेणी किंवा गजरा, आणि जुन्या पिढीच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण. वेगळेपण आहे ते सोन्याच्या वजनात आणि उपयोगात. मासेमारीची मिळकत कधीच एकसारखी नसते. हंगाम साधला तर घरात पैसा, नाही साधला तर डिझेलला आणि जाळ्याला कर्ज. अशा धंद्यात बाईच्या अंगावरचे सोने ही घराची ठेव असते. पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात ते सोनाराकडे किंवा बँकेत गहाण पडते आणि हंगाम सुरू झाल्यावर सोडवून आणले जाते. नारळी पौर्णिमेला किंवा कार्ल्याच्या एकवीरेच्या यात्रेला कोळी बाई सोन्याने मढून जाते तेव्हा पाहणाऱ्याला हौस दिसते. त्या सोन्यात वर्षाचा हिशेबही असतो.

पश्चिम आफ्रिकेतील फुलानी स्त्रियांचे मोठे, पिळदार, पातळ पत्र्याचे सोन्याचे डूल जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. तेही असेच: आईकडून लेकीला आलेले किंवा नवऱ्याने दिलेले, कुटुंबाची पत दाखवणारे आणि जपून ठेवलेले धन. गुरे राखणारा समाज आणि मासे मारणारा समाज यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, पण अनिश्चित मिळकतीला दोघांनी शोधलेले उत्तर एकच आहे.

आफ्रिका आणि हा किनारा यांचे नाते अशा साम्यापुरते नाही. दोन्हीकडच्या स्त्रियांच्या अंगावर शतकानुशतके एकाच व्यापाराचा माल होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पश्चिम भारतातून आफ्रिकेच्या शिंगाजवळच्या बंदरांकडे जाणाऱ्या मालाची यादी आहे. गहू, तांदूळ, तूप आणि तिळाच्या तेलाबरोबर तिच्यात सुती कापड आणि कमरपट्टेही आहेत. त्याच ग्रंथात कोकण किनाऱ्यावरील ज्या सेमुल्ला बंदराचा उल्लेख आहे, ते आजचे चौल असे अभ्यासक मानतात. चौल याच रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला आहे. तिथल्या उत्खननात काचेचे मणी सापडले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रासायनिक अभ्यासात चौलच्या मण्यांची आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील जुन्या वस्त्यांत सापडलेल्या मण्यांची काच एकाच प्रकारची असल्याचे दिसले. म्हणजे आजच्या केनियाच्या किनाऱ्यावर एखाद्या बाईने गळ्यात घातलेली पोत आणि चौलच्या बाजारात विकली जाणारी पोत एका जातीच्या काचेची असू शकत होती. खंभातच्या अकीकाच्या मण्यांचा प्रवासही याच दिशेने होत असे.

परतीच्या वाटेवर हस्तिदंत येई. पूर्व आफ्रिकेतील हत्तींचा दात मऊ असतो, त्यावर कोरीवकाम चांगले उतरते, म्हणून त्याला मागणी होती. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून निघालेल्या हस्तिदंताची मुंबई ही मोठी पेठ होती. काही माल लंडनला जाई, काही गुजरात, कच्छ आणि राजस्थानात नवरीच्या चुड्यासाठी. हे चुडे भारतीय स्त्रीचा पारंपरिक अलंकार म्हणून आज चित्रांत आणि संग्रहालयांत दिसतात. त्यांचा कच्चा माल आफ्रिकेतील हत्तींच्या कत्तलीतून आणि तो डोक्यावर वाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या हमालांच्या हालांतून आला होता. परंपरेचे कौतुक करताना ही किंमत विसरून चालणार नाही. 1989 मध्ये आफ्रिकी हत्तींच्या दाताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला.

हस्तिदंताच्या बदल्यात आत खंडात जाई ते कापड, मणी आणि पितळेची तार. रिचर्ड बर्टन 1857 ते 1859 या काळात झांझिबारहून आतल्या सरोवरांकडे गेला. मण्यांचे सुमारे चारशे प्रकार चलनात असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. एका गावात लाल 'सामे-सामे' मणी हवे असत, तर पुढच्या मुक्कामी त्यांना कुणी विचारत नसे. आवड बदलली की व्यापाऱ्याचा माल पडून राही. आफ्रिकी स्त्री-पुरुषांनी परक्यांचे चकाकते काहीही भोळेपणाने उचलले, हे जुन्या प्रवासवर्णनांतून पसरलेले चित्र या एका गोष्टीने खोटे ठरते. व्हेनिसच्या आणि पुढे बोहेमियाच्या कारखान्यांना आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे मणी करावे लागत.

कापडाचेही तसेच. 1830 च्या दशकापासून अमेरिकेतील सेलम बंदरातून येणारे कोरे, खादीसारखे जाडेभरडे सुती कापड पूर्व आफ्रिकेत 'मेरिकानी' या नावाने पसरले. 1861 ते 1865 च्या अमेरिकेतील यादवी युद्धाने तो पुरवठा तुटला. मुंबईत तोपर्यंत गिरण्या सुरू झाल्या होत्या. पहिलीचे उत्पादन 1856 चे. पुढच्या दोन-तीन दशकांत मुंबईच्या गिरण्यांनी तसेच कापड विणून ती बाजारपेठ मिळवली. नाव मेरिकानीच राहिले, कापड मुंबईचे झाले. त्याच्या जोडीला होती 'कनिकी', नीळ देऊन काळसर केलेले साधे कापड, तेही मुख्यतः भारतातून येणारे. या व्यवहारात जयराम शिवजीची पेढी, थारिया तोपन यांसारख्या कच्छी व्यापाऱ्यांचा मोठा हात होता. परळ-गिरणगावात कोकणातून आलेले मजूर जे कापड विणत, त्यातले काही टांझानियाच्या अंतर्भागातील बायकांच्या अंगावर जाई. मराठी कामगार इतिहासात ही बाजू फारशी सांगितली गेलेली नाही आणि ती सांगितली जायला हवी.

झांझिबारमध्ये मेरिकानी आणि कनिकी हा गुलामांचा पोशाख होता. गुलाम बाईने साधे, बिननक्षीचे कापड काखेखाली गुंडाळावे आणि डोके उघडे ठेवावे, अशी रीत. स्वतंत्र स्त्रियांच्या अंगावर नक्षीचे कापड असे. 1897 मध्ये ब्रिटिशांच्या दबावाखाली सुलतानाने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. मालकाच्या घरात ठेवलेल्या स्त्रियांना मात्र त्या हुकमातून वगळले होते. त्यांची सुटका 1909 पर्यंत लांबली. सुटलेल्या स्त्रियांनी सर्वांत आधी जे बदलले त्यात कपडे होते. कनिकी टाकून त्यांनी कांगा घेतला. पुढे अनेकींनी बुइबुई हा काळा बुरखाही घेतला, कारण पूर्वी तो फक्त वरच्या घरांतील स्त्रियांना शोभत असे. बाहेरच्या नजरेला बुरखा बंधनाचा वाटेल. त्या स्त्रियांच्या दृष्टीने तो मालकीणबाईंच्या बरोबरीचा हक्क होता. पेहरावाचा अर्थ नेसणाऱ्या बाईच्या इतिहासातून वाचावा लागतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

कांगा म्हणजे सुमारे दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद छापील सुती कापड. तो जोडीने विकला जातो: एक कमरेला किंवा छातीशी, दुसरा डोक्यावर किंवा खांद्यावर. चारी बाजूंना रुंद काठ, मध्ये नक्षी आणि खालच्या बाजूला एका ओळीत छापलेले स्वाहिली वचन. आधी ते अरबी लिपीत असे, नंतर रोमन लिपीत. वचन म्हणजे म्हण, आशीर्वाद, प्रेमाचे बोल किंवा शेजारणीला मारलेला टोमणा, काहीही असू शकते. जे तोंडाने बोलता येत नाही ते बाई नेसून सांगते आणि ऐकणारीला भांडण काढायला जागा राहत नाही. नवजात बाळ कांग्यात गुंडाळले जाते, मोठे झाले की त्याच कापडाने पाठीशी बांधले जाते. मोंबासातील कादरदिना हाजी एसाक यांची 1887 मध्ये सुरू झालेली पेढी कांग्याच्या व्यापारात नावाजली आणि त्यांची 'माली या अब्दुल्ला' ही छाप घराघरांत पोहोचली. आजही कांग्याचा बराच माल भारतात छापला जातो. गुजरातेतील जेतपूर हे त्याचे एक केंद्र आहे. पूर्व आफ्रिकेची ओळख ठरलेले वस्त्र भारतीय व्यापाऱ्याने विकले आणि भारतीय कारागिराने छापले म्हणून ते कमी आफ्रिकी ठरत नाही. नक्षी कोणती चालेल, वचन कोणते हवे, हे तिथली बाई ठरवते.

उरलेल्या आफ्रिकेचा पट इतका मोठा आहे की सगळा एका लेखात मावणार नाही. तरी काही समाजांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. केनिया-टांझानियातील मसाई स्त्रिया स्वतः मणी ओवून रुंद, चपट्या गळपट्ट्या करतात. परदेशी काचमणी सहज मिळू लागण्याआधी बिया, धातू आणि कातडे यांचे अलंकार होते. नामिबियाच्या वायव्येला राहणाऱ्या हिंबा स्त्रिया लोणी आणि गेरू एकत्र करून केलेला 'ओत्जिझे' लेप अंगाला आणि केसांना लावतात. कोरड्या, पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या मुलखात तो त्वचेचे रक्षणही करतो आणि शृंगारही होतो. विवाहित हिंबा स्त्रीच्या डोक्यावर कातड्याचे 'एरेम्बे' असते.

हिंबांचीच भाषा बोलणाऱ्या हेरेरो स्त्रियांचा पोशाख मात्र अगदी निराळा आहे: घेरदार, पायघोळ, लांब बाह्यांचा झगा. तो एकोणिसाव्या शतकात जर्मन मिशनऱ्यांच्या बायकांकडून आला. 1904 ते 1908 या काळात जर्मन सैन्याने हेरेरोंचा वंशसंहार केला. त्यानंतरही हेरेरो स्त्रियांनी तो झगा टाकला नाही. डोक्यावर गुरांच्या शिंगांसारखी दोन टोके काढलेले 'ओत्जिकाइवा' बांधून, स्वतःचे रंग वापरून, तो त्यांनी आपला केला. आज समारंभात तोच त्यांचा मानाचा पोशाख आहे.

दक्षिण आफ्रिकेतील एन्देबेले समाजाची हकीकत जमीन गमावलेल्या उरणच्या वाचकाला जवळची वाटेल. 1883 मध्ये बोअर सैन्याने त्यांचा पाडाव केला, जमीन घेतली आणि माणसे शेतमजूर म्हणून वेगवेगळ्या मळ्यांवर वाटून टाकली. त्या पांगापांगीनंतर एन्देबेले स्त्रियांनी मणिकामाला आणि घराच्या भिंती रंगवण्याला जोर दिला. ठळक भौमितिक आकृत्यांवरून कोणाचे घर, कोणाची लेक हे ओळखू येऊ लागले. गळ्यात, हातापायांत पितळेची आणि तांब्याची वळी, म्हणजे 'इद्झिला', ही विवाहित स्त्रीची खूण. ती नवऱ्याने द्यायची आणि तो असेपर्यंत घालायची. या परंपरेतील चित्रकार एस्थर म्हलांगू यांनी 1991 मध्ये बीएमडब्ल्यू मोटार याच आकृत्यांनी रंगवली आणि ही कला जगाच्या कलादालनांत पोहोचली.

नायजेरियात योरुबा स्त्रिया लग्नसमारंभाला एकाच कापडाचे कपडे शिवून घेतात, तो 'आसो-एबी'. डोक्याला कडक घड्यांचा 'गेले' बांधतात. आगरी हळदीत घरच्या बायका एका रंगाच्या साड्या घेऊन नाचतात, त्याचा हा दूरचा भाऊबंद. नायजर नदीच्या मुखाजवळच्या कलाबारी स्त्रिया तर मद्रासहून येणारे चौकडीचे कापड पिढ्यान्‌पिढ्या आपले मानत आल्या आहेत. त्या त्यातील काही धागे कापून, ओढून काढतात आणि उरलेल्या विणीत नवी नक्षी उमटवतात. विकत घेतलेल्या कापडाला आपले करण्याची ही रीत फार देखणी आहे.

खाडीकाठचा चुडा असो वा एन्देबेले वळी, बहुतेक ठिकाणी अलंकार बाईचे लग्न जाहीर करतो आणि वैधव्य आले की तोच तिच्या अंगावरून उतरवला जातो. या बाबतीत परंपरेची बाजू घेता येत नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवेचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची आणि मंगळसूत्र तोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. दागिना बाईचा असेल तर तो काढायचा की नाही हेही तिनेच ठरवायचे. लुगड्याचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक गावाने हा ठराव घ्यायला हवा.

न्हावा-शेव्यात पेहराव बदलला तो कामाबरोबर. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातील 95 गावांची जमीन संपादनाखाली आली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. 26 मे 1989 रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. शेवा कोळीवाड्याची वस्ती उठवून हनुमान कोळीवाडा म्हणून दुसरीकडे बसवली गेली. जसखार, सोनारी, करळ, फुंडे या गावांच्या शिवारात कंटेनरचे तळ आणि रुंद रस्ते आले. जानेवारी 2024 मध्ये शिवडीहून थेट या किनाऱ्यावर उतरणारा अटल सेतू खुला झाला. मिठागरे आणि भातखाचरे गेली, भराव पडला, खाडीची तोंडे अरुंद झाली. गुडघ्याइतक्या चिखलासाठी बेतलेल्या लुगड्याला उतरायला चिखलच राहिला नाही.

त्यामुळे आज रोज लुगडे नेसणाऱ्या स्त्रिया बहुतेक जुन्या पिढीतल्या आहेत. मधल्या वयाच्या स्त्रिया सहावारी साडी वापरतात, मुली पंजाबी ड्रेस आणि जीन्स. हळद, लग्न, नारळी पौर्णिमा आणि एकवीरेची यात्रा या दिवशी मात्र नऊवारी बाहेर निघते, अनेकदा शिवलेली, चेन लावलेली. शिवलेल्या नऊवारीला नावे ठेवण्याचे कारण नाही. कांगा कारखान्यात छापला गेला आणि हेरेरोंचा झगा परक्यांकडून आला, तसा हाही एक पुढचा टप्पा आहे. खटकते ते दुसरेच. शाळांच्या स्नेहसंमेलनात आणि पर्यटनाच्या जाहिरातीत 'कोळी नृत्या'चा झगमगीत, आखूड पोशाख दिसतो. त्यात नेसण्याचे कसब नाही, उजव्या हाताच्या चांदीच्या बांगड्या नाहीत आणि ज्या बाईने हा पेहराव घडवला तिच्या कामाचा मागमूस नाही. मसाई आणि झुलू पोशाखांची आफ्रिकेतील पर्यटनस्थळांवर हीच गत झाली आहे.

सोनकोळ्यांवर विजया पुणेकर यांचा अभ्यासग्रंथ 1959 मध्ये आला. उरण-पनवेलच्या आगरी-कोळी स्त्रियांच्या वस्त्रालंकारांची तशी गावनिहाय, सचित्र नोंद आता व्हायला हवी. काम अवघड नाही. गावात लुगडे नेसणारी आजी आहे तोवर तिची नेसण पायरीपायरीने चित्रित करावी. पेटीतल्या प्रत्येक दागिन्याचे घरचे नाव, वजन, घडवणाऱ्या सोनाराचे गाव आणि तो कधी, कशासाठी गहाण पडला होता हे लिहून घ्यावे. गावच्या ग्रंथालयात एक वही ठेवून महिला मंडळांनी आणि कॉलेजातल्या मुलींनी या दिवाळीच्या सुट्टीतच सुरुवात करावी.